मालक नको म्हणतो, तरी संत्र्याची बाग ‘वारसा’ कशी ठरते?

माझे मामा वरुडचे. घरामागे चार एकर संत्र्याची बाग होती, आजोबांनी लावलेली. डिंक्या म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग लागला, बोअरचं पाणी खोल गेलं आणि एका उन्हाळ्यात मामांनी जेसीबी बोलावून ती काढून टाकली. शेवटच्या दिवशी मी तिथे होतो. उपटून आडव्या पडलेल्या एका झाडाच्या सालीवर डिंकाचे पिवळट थेंब वाळून काचेसारखे झाले होते. मामांनी त्यातला एक नखाने खरवडून काढला, उजेडात धरून पाहिला आणि टाकून दिला. या सगळ्याला कोणाची परवानगी लागली नाही.

गेल्या दिवाळीत मी त्यांना लॉस एंजेलिसमधल्या एका बागेची हकीकत सांगितली. तिथल्या कुटुंबाला आपली बाग विकायची होती, आणि शहराने मात्र ती ‘ऐतिहासिक वारसा’ ठरवण्याची प्रक्रिया सुरू केली. मामा म्हणाले, “आपली बाग आपुन तोडाची नाही? मंग सातबारा कोनाच्या नावानं आहे?”

प्रश्न रास्त आहे. जमीन माझी, कर मी भरतो, पाणी मी घालतो, आणि ती पाडायची की नाही हे गाव ठरवणार? याचं उत्तर द्यायचं तर त्या बागेपासूनच सुरुवात केली पाहिजे.

## बाग कुठली?

सॅन फर्नांडो व्हॅली हा लॉस एंजेलिसचा उत्तरेकडचा भाग. १९१३ साली दूरच्या ओवेन्स खोऱ्यातून कालव्याने पाणी आणलं गेलं. त्या पाण्यावर हक्क हवा असेल तर शहरात सामील व्हायला हवं होतं, म्हणून १९१५ मध्ये व्हॅलीचा मोठा भाग शहरात आला. पाण्यामागोमाग संत्र्या-लिंबाच्या बागा वाढल्या. त्या काळी लॉस एंजेलिस हा अमेरिकेतला शेतीत आघाडीवर असलेला जिल्हा होता, हे आज तिथले आठ पदरी रस्ते पाहून कोणाला खरं वाटणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर माणसं लोंढ्याने आली, घरं कमी पडू लागली आणि बागांच्या जागी बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या.

त्या लाटेत टारझाना भागातली बॉथवेल रँच टिकून राहिली. १९२६ पासून ती एकाच कुटुंबाकडे होती. कधीकाळी सुमारे १०० एकर, शेवटी उरली १४. व्हॅलीतली शेवटची व्यापारी संत्रा बाग अशीच तिची ओळख. चारही बाजूंना बंगले आणि मधोमध झाडांच्या सरळ रांगा.

(जाता जाता: आपण ‘संत्रा’ म्हणतो ते नागपुरी फळ सैल सालीचं. कॅलिफोर्नियातली व्हॅलेन्सिया आणि नेव्हल ही घट्ट सालीची गोड फळं, म्हणजे आपल्या मोसंबीची सख्खी भावंडं. तरी लेखात ‘संत्रा’च म्हणतो, वाचायला सोपं.)

२०१९ मध्ये ही जागा विक्रीला निघाली. मागितलेली किंमत जवळपास १ कोटी ४० लाख डॉलर. त्या भागाचे नगरसेवक बॉब ब्लूमेनफील्ड यांनी बागेला वारशाचा दर्जा देण्याचा प्रस्ताव नगर परिषदेत मांडला. कुटुंबाने विरोध केला.

## ‘वारसा दर्जा’ म्हणजे नेमकं काय?

लॉस एंजेलिसचा वारसा-कायदा १९६२ चा, अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमधल्या सुरुवातीच्या कायद्यांपैकी एक. एखादी वास्तू, जागा किंवा झाडंसुद्धा शहराच्या इतिहासाशी घट्ट जोडलेली असतील तर शहर त्यांना ‘ऐतिहासिक-सांस्कृतिक स्मारक’ म्हणून जाहीर करतं. पुढे मी याला नुसतं ‘दर्जा’ म्हणेन. आजवर १,२०० हून जास्त ठिकाणांना तो मिळालाय. त्यात ग्रॅनाडा हिल्समधल्या व्हाइट ओक अव्हेन्यूवरची १४४ देवदाराची झाडं आहेत. होय, आपल्या हिमालयातलाच देवदार. तेव्हा झाडांना दर्जा ही त्या शहरात नवलाची गोष्ट नाही.

इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. दर्जा मिळाला म्हणजे जागा सरकारची झाली, असं नाही. मालकी हा किल्ल्यांचा जुडगा समजा. एक किल्ली विकण्याची, एक भाड्याने देण्याची, एक गहाण टाकण्याची, एक वारसांना देण्याची, एक बांधण्याची, एक पाडण्याची. दर्जा आला की जुडगा मालकाकडेच राहतो. पाडण्याची आणि मोठे बदल करण्याची किल्ली मात्र वापरण्याआधी शहराला विचारावं लागतं.

तेही कायमचं नाही. पाडण्याला शहर १८० दिवस हरकत घेऊ शकतं आणि नगर परिषदेने ठरवलं तर आणखी १८० दिवस. म्हणजे जवळजवळ एक वर्ष. तेवढ्यात कोणी विकत घेणारा, चालवणारा किंवा मधला मार्ग काढणारा भेटतोय का हे पाहायचं, हा हेतू.

खरी अडचण दुसऱ्याच कायद्यातून येते. कॅलिफोर्नियाच्या १९७० च्या पर्यावरण कायद्यानुसार ऐतिहासिक ठेवा नष्ट करणं हा ‘पर्यावरणावरचा गंभीर परिणाम’ धरला जातो. मग प्रकल्पाला सविस्तर अहवाल, पर्यायांचा विचार, जनसुनावणी हे सगळं लागतं, आणि त्यावर कोर्टात जाण्याची वाटही उघडते. बिल्डरला धास्ती असते ती या वेळखाऊ कामाची. भाव पाडून मागितला जातो तो याच्यामुळे, आणि विकणाऱ्या कुटुंबाच्या पोटात गोळा येतो तोही याच्यामुळेच.

## मालकाला कोणी विचारतच नाही का?

विचारतात. पण त्याची संमती लागत नाही. प्रस्ताव कोणीही देऊ शकतं: शेजारी, संस्था, विद्यार्थी किंवा स्वतः नगर परिषद. पाच सदस्यांचा आयोग जागा पाहतो, सुनावणी घेतो, शिफारस करतो. शेवटचं मत नगर परिषदेचं. हे सगळं चालू असताना पाडकामाचे परवाने थांबवून ठेवतात, कारण एरवी सुनावणीच्या आदल्या रात्री बुलडोझर फिरला तर चर्चा कशाची करायची?

सगळीकडे असं नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारची वारसा-यादी आहे, तिच्यात १९८० पासून खाजगी मालकाने हरकत घेतली तर त्याची जागा घेत नाहीत. ओरेगन राज्याने १९९५ मध्ये स्थानिक दर्जासाठीसुद्धा मालकाची संमती लागेल असा कायदा केला. लॉस एंजेलिसने ती अट ठेवलेली नाही. शहराचं म्हणणं असं की ज्या जागेला धोका आहे, तिचाच मालक संमती देणार नाही. मालक राजी असेल तर कायद्याची गरजच कितीशी?

हा युक्तिवाद मला पटतो. पण तो एवढंच सांगतो की नकार असताना शहराने पुढे जावं. तो नकार ऐकून काय करावं, हे तो सांगत नाही.

आणि हे फक्त अमेरिकेत चालतं असं समजू नका. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची, देशातली पहिली. २०१२ मध्ये यादीत भर घालायचं ठरलं तेव्हा शिवाजी पार्क परिसरातल्या रहिवाशांनी जोरदार विरोध केला. जुनी इमारत पडायला आलीय, जिना हलतोय, पुनर्विकासाची बोलणी चाललीत आणि अशा वेळी ‘वारसा’ हा शब्द कानावर आला. मायेने म्हटलेला शब्द त्यांना बेडीसारखा वाटला. टारझानातल्या कुटुंबालाही तसंच वाटलं असणार.

## ही तर जमीन हडपणंच झालं ना?

या आक्षेपाला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये उत्तर दिलंय. न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशन १९१३ चं. त्याला १९६७ मध्ये शहराने दर्जा दिला. मालक होती पेन सेंट्रल ही रेल्वे कंपनी. तिला स्टेशनच्या डोक्यावर ५० हून जास्त मजल्यांचा टॉवर उभारायचा होता. शहराने नकार दिला. कंपनी कोर्टात गेली: राज्यघटना म्हणते की भरपाई दिल्याशिवाय खाजगी मालमत्ता घेता येणार नाही, आणि आमच्या डोक्यावरची हवा तुम्ही घेतलीत.

न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. थोडक्यात तर्क असा: कंपनीचं स्टेशन पूर्वीसारखंच चाललंय, त्यातून तिला वाजवी उत्पन्न मिळतंय. तिने ज्या अपेक्षेने जागा घेतली ती अपेक्षा शाबूत आहे. जास्तीत जास्त नफा मिळालाच पाहिजे असा हक्क घटना देत नाही. शिवाय न बांधलेले मजले कंपनीला जवळच्या आपल्या दुसऱ्या जागांवर नेण्याची मुभा होती.

आजही अमेरिकेतल्या बहुतेक वारसा-कायद्यांना आधार आहे तो या निकालाचा. तेव्हा ‘हडपणं’ हा शब्द कायद्याच्या भाषेत टिकत नाही.

## पण स्टेशन आणि बाग सारखी आहेत का?

नाहीत. माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

स्टेशनची इमारत दगडाची. कुलूप लावून दहा वर्षांनी उघडलीत तर धूळ असेल, गळती असेल, पण इमारत असेल. संत्र्याच्या बागेला एक उन्हाळा पाणी दिलं नाही तर ती जाते. बाग ही वस्तू नाहीच, ते रोजचं काम आहे: पाणी, खत, छाटणी, फवारणी, तोडणी. दर्जा कुऱ्हाड अडवतो. पाण्याचा नळ सोडायला तो कोणालाही भाग पाडू शकत नाही. मालकाने काहीच न करायचं ठरवलं तर कायदा न मोडताही बाग मरते.

झाडाचं आयुष्यही लहान असतं. संत्रावर्गातलं झाड नीट फळं देतं ते साधारण चार-पाच दशकं. आजोबांनी लावलेली बाग नातवाच्या हातात येते तेव्हा बरीच झाडं बदललेली असतात. मग जपायचं काय? झाड, की रांगांची मांडणी, की वाण?

नेव्हल संत्र्याचं उदाहरण घ्या. त्याच्या टोकाला बेंबीसारखा उंचवटा असतो, म्हणून ते नाव. आत बी नसते. बी नाही म्हणजे रोप फक्त कलमानेच होतं: एका झाडाचा डोळा काढून दुसऱ्या खुंटावर बांधायचा, जंबेरीच्या खुंटावर आपण नागपुरी संत्रा बांधतो तसा. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातून आलेली ही कलमं १८७३ च्या सुमारास एलायझा टिबेट्स यांनी कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावी लावली. राज्यातली नेव्हलची सगळी बागायत त्या एक-दोन झाडांच्या डोळ्यांतून वाढलेली आहे. त्यातलं एक झाड अजून जिवंत आहे, मॅग्नोलिया आणि आर्लिंग्टन या रस्त्यांच्या चौकात, कुंपणाच्या आत. ते राज्याचं अधिकृत ऐतिहासिक स्थळ आहे. गेल्या काही वर्षांत त्याच्यावर जाळीचा तंबू उभारलाय.

जाळी का? कारण ग्रीनिंग. आपल्या संत्रा-मोसंबी उत्पादकांना हा रोग ठाऊक आहे: पानं चट्ट्याचट्ट्याने पिवळी पडतात, फळ वाकडं आणि अर्धं हिरवं राहतं, झाड वाळत जातं. सिट्रस सायला नावाची बारीक कीड तो पसरवते. त्यावर खात्रीचा इलाज अजून नाही. कॅलिफोर्नियात तो पहिल्यांदा सापडला २०१२ मध्ये, आणि तोही लॉस एंजेलिस जिल्ह्यातच. त्या जिल्ह्यातल्या १४ एकरांना कागदावरचा दर्जा या किडीपासून कसा वाचवणार?

बॉथवेल बागेपासून काही मैलांवर शहराच्याच एन्सिनो भागात एक ओक होता, हजार वर्षांचा मानला जाणारा. त्यालाही शहराचा दर्जा होता. १९९८ च्या फेब्रुवारीत वादळात तो कोसळला. दर्जाने त्याचं आयुष्य वाढलं हे खरं. पण एकट्या ओकाला जगायला कोणाचा रोजचा घाम लागत नव्हता. बागेला लागतो.

म्हणून ग्रँड सेंट्रलचा तर्क इथे लंगडा पडतो असं मला वाटतं. “तुमचा चालू धंदा चालू ठेवा, त्यात वाजवी उत्पन्न आहेच” हे स्टेशनला सांगता येतं. शहराच्या पोटात १४ एकरांवर, शहरी दराचं पाणी घालून, विकतची मजुरी लावून काढलेल्या संत्र्याला ते लागू होत नाही. मामांना हे सांगितलं तेव्हा ते अडखळलेसुद्धा नाहीत. “पान्याचं बिल कोन भरनार ते सांग, बाकीचं राहू दे.”

## मग खर्च कोणी उचलायचा?

मालकाचा नकार हा नकाराधिकार नसावा, हे मी वर मान्य केलं. पण तो नकार म्हणजे एक बिल आहे आणि गावाला बाग हवी असेल तर गावाने ते वाचलं पाहिजे. ते भरण्याचे काही मार्ग आधीपासून आहेत.

कॅलिफोर्नियात १९७२ पासून ‘मिल्स करार’ आहे. दर्जा मिळालेल्या जागेचा मालक ती नीट राखण्याचा करार करतो आणि शहर त्याचा मालमत्ता कर कमी करतं. चांगली सोय. पण तिच्यात एक पेच आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ या मतदानाने त्या राज्यात कराचं मूल्यांकन जुन्या किमतीवर गोठवलं, वर्षाला फार तर २ टक्के वाढ. म्हणजे जागा पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात असेल तर कर बहुधा आधीच कमी असतो, आणि सवलतीने हाताला फारसं काही लागत नाही. सवलत गोड लागते ती कालपरवा महाग भावाने घेणाऱ्याला. ज्या जुन्या कुटुंबाला राजी करायचं, त्यालाच ती तोकडी पडते.

दुसरा मार्ग १९६५ च्या विल्यमसन कायद्याचा: शेतकरी आपणहून करार करतो की ठरावीक वर्षं जमीन शेतीतच ठेवीन, आणि त्या बदल्यात कर शेतीच्या उत्पन्नावर लागतो. इथे संमती आधी आहे, म्हणून भांडण नाही. पण विकायला निघालेल्या वारसांना तो कशाला हवा असेल?

तिसरा मार्ग मुंबईकरांच्या ओळखीचा: टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. माझ्या प्लॉटवर नियमाने आणखी चार मजले चढवता आले असते, पण इमारत वारसा ठरल्याने चढवता येत नाहीत. मग ते चार मजले कागदावर उतरवून मी दुसऱ्या ठिकाणच्या बिल्डरला विकतो. तो तिकडे चढवतो, मला पैसे मिळतात, इमारत वाचते. मुंबईच्या नियमावलीत वारसा-इमारतींसाठी ही तरतूद आहे. माझ्या मते मालकाच्या गमावलेल्या संधीची किंमत सरळ मोजणारा हा सगळ्यात प्रामाणिक रस्ता. पण मजले घ्यायला गिऱ्हाईक लागतं, आणि विकण्याजोगी उंची कायद्याने मुळात दिलेली असावी लागते. बंगल्यांच्या वस्तीत तसले मजले आणायचे कुठून?

चौथा मार्ग रिव्हरसाइडने धरला. १९७९ मध्ये तिथल्या नागरिकांनी मतदान करून आर्लिंग्टन हाइट्सचा संत्रापट्टा राखण्याचा नियम केला: जमिनीचे तुकडे पाडायचे तर पाच एकरांहून लहान नाहीत. एका कुटुंबाला वेगळं काढून त्याच्यावर ओझं टाकलं नाही. बंधन आलं ते सगळ्या पट्ट्यावर, आणि विकण्याच्या कितीतरी आधी. विक्रीची पाटी लागल्यावर जागं झालेलं प्रेम मालकाला फसवणुकीसारखं वाटतं, आणि त्यात त्याचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

## घरांची टंचाई असताना संत्री कशाला?

लॉस एंजेलिसमध्ये घरं कमी आहेत हे खरं, आणि लोक रस्त्यावर राहतात हेही. पण त्या जागी काय बांधणार होते ते पाहा: बिल्डरचा आराखडा २१ बंगल्यांचा. २१ बंगल्यांनी शहराची टंचाई हटत नाही. तिथे शेकडो परवडणारी घरं होणार असती तर माझं मत वेगळं झालं असतं, हे इथेच कबूल करतो.

“मग झाडं बघायला बागेतच जायचं तर सार्वजनिक बाग आहे की” असाही प्रश्न येतो. आहेच. वेस्ट हिल्समधली ऑर्कट रँच शहराच्या मालकीची, तिथे आजही संत्र्याची झाडं आहेत. तिचा दर्जा १९६५ पासूनचा, आणि त्यावर वाद नाही, कारण पाण्याचं बिल शहरच भरतं.

## शेवटी काय झालं?

तडजोड. बिल्डर दोन-तृतीयांश जागेवर २१ घरं बांधणार आणि उरलेला सुमारे एक-तृतीयांश भाग झाडांसकट डोंगर-उद्यानं सांभाळणाऱ्या एका सार्वजनिक प्राधिकरणाला देणार, असं ठरलं. शेजाऱ्यांमधल्या काहींना हे फार थोडं वाटलं. मला पूर्ण समाधान नाही, पण यात एक गोष्ट बरोबर झाली: उरलेल्या झाडांना एक नाव-गाव असलेला पाणी घालणारा ठरला, ज्याच्या दारात जाऊन विचारता येईल.

आपल्याकडे तुमचा वाडा, चाळ किंवा जुनी इमारत वारसा-यादीच्या मसुद्यात आली तर हरकती-सूचना मागवल्या जातात. तेव्हा अर्जात नुसतं ‘आमचा विरोध आहे’ लिहू नका. छपराच्या दुरुस्तीला किती लागतात, भाडं किती येतं, कर किती, पुनर्विकासात काय मिळणार होतं, हे आकड्यांनी लिहा. आणि जपायला हवं म्हणणाऱ्या बाजूने असाल तर तुमच्या अर्जातही तेच आकडे असू द्या, आणि त्या आकड्यांसमोर कोण किती उचलणार ते नावासह.

मामांनी बाग काढली त्या वर्षीची वही अजून त्यांच्या लोखंडी कपाटात आहे. दिवाळीत त्यांनी ती काढून दाखवली. फवारणी, मजुरी, बोअर आणखी खोल नेण्याचा खर्च, आणि पानाच्या तळाशी व्यापाऱ्याने आंबिया बहाराच्या फळांना दिलेला भाव, त्याखाली पेनाने दोनदा ओढलेली रेघ. मी फोटो काढू का विचारलं. म्हणाले, “काढ. तवा कोनी मागितला असता त दिला असता.”